अपूर्णांक उलटा काहून करायचा?

मंडळी, अजून डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहून राहिली.

अकोल्यात मी डी.एल.एड. करते, म्हणजे प्राथमिक शिक्षिका व्हायचा अभ्यास. आज सरांनी फळ्यावर तीन भागिले एक छेद दोन लिहिलं. म्हणाले, "अपूर्णांक उलटा करा, गुणा, उत्तर सहा."

बाळापूरची माझी मैत्रीण प्रणाली उभी राहिली. "सर, पण उलटा काहून करायचा?"

"पाचवीच्या पोरांले शिकवायचं आहे तुले, शास्त्रज्ञ नाही बनवायचे. नियम पाठ कर."

सगळा वर्ग हसला. मला राहवलं नाही. "सर, मलेही नाही समजलं."

"मग दोघीही बाहेर व्हा!"

पायरीवर बसून डबा उघडला. रागारागात पोळ्या अर्ध्या करता करता प्रणाली थांबली. "अवं, एका पोळीत अर्ध्या दोन. मग तीन पोळ्यांत सहा! म्हणून दोननं गुणायचं!"

एवढंच तर सांगायचं होतं सरांनी!

मधल्या सुट्टीत मघाशी हसलेल्या पोरी एकेक करून आल्या. "प्रणाली, आमालेही सांग ना." म्हणजे कळलं कोणालाच नव्हतं!

पुढे आम्हीच तुमच्या लेकरांना गणित शिकवणार आहोत. चालेल का तुम्हाला, नुसतं पाठ केलेलं?