ओटीचं सामान घेऊन हॉलंडला

भूगोलाच्या तासाला मी वर्षानुवर्षं मुलींना सांगत आले होते की हॉलंडमधली पुष्कळशी जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. सांगायचे अगदी ठासून, पण माझा स्वतःचाच त्यावर फारसा विश्वास नव्हता. समुद्र वर, माणसं खाली, आणि तरी कुणी बुडत नाही, म्हणजे काय? त्यामुळे हॉलंडमधल्या भगिनी क्लबनं आमच्या महिला क्लबातल्या दोघींना काही आठवडे आपल्या सभासदांच्या घरी राहायला बोलावलं, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर केला तो मी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. परदेशी चलन सरकार हात आखडून द्यायचं, हॉटेलात राहणं आमच्या स्वप्नातही नव्हतं. क्लबच्या सभासदांकडे राहायचं आणि त्यांच्या पंगतीला बसायचं, या एकाच वाटेनं राजारामपुरीतली शिक्षिका परदेश बघू शकत होती. माझ्या जोडीला क्लबच्या चिटणीस निघाल्या. माहेर मुरगूडचं, सासर गुळाच्या व्यापाऱ्याचं, आवाज खणखणीत. आम्ही सगळ्या त्यांना वहिनी म्हणायचो.

बैठकीत ठरलं की जिच्या घरी राहू तिची निघताना ओटी भरायची. मग काय, उत्साहाला उधाणच आलं. कुणी इरकली खण आणले, कुणी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, कुणी हळकुंडं. आजऱ्याच्या एकीनं घनसाळ तांदूळ आणला, आणि त्याचा वास घ्यायला बैठक चक्क थांबली. तेवढ्यात एक बाई हळूच म्हणाल्या, पण ओटी भरणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे पती जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि विधवेनं ओटी भरायची नाही, तिची कुणी भरायची नाही, हे तिथं कुणाला सांगावं लागत नव्हतं.

वहिनींनी पटकन तोड काढली. "ओटी मी भरतो की. बाई फोटो काढतील. त्यांचा हात लई बेस हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडण काढून हातचं हॉलंड घालवण्याइतकी मी खुळी नव्हते. मी कॅमेरा घेतला.

आणि हॉलंड काय सांगू तुम्हाला! दुसऱ्याच दिवशी मी गाडी थांबवायला लावून बांधावर चढले. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कितीतरी खाली हिरवीगार कुरणं, गाई, कौलारू घरं. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पुन्हा इकडे बघितलं. खरं होतं! इतकी वर्षं मी मुलींना खोटं सांगत नव्हते! वाऱ्यानं पदर उडत होता आणि मी एकटीच मोठ्यानं हसत होते. वहिनी गाडीत शाल गुंडाळून बसल्या होत्या, त्यांना वाटलं बाईंना थंडी बाधली.

प्रत्येक घरात नवी गंमत. जिने इतके उभे की वहिनी उतरताना देवाचं नाव घ्यायच्या. न्याहारीला पावावर लोणी आणि त्यावर चॉकलेटचे दाणे, आणि ते म्हातारी माणसंसुद्धा गंभीर चेहऱ्यानं खायची. वहिनींनी त्यावर आपली कांदा-लसणाची चटणी भुरभुरली आणि घरच्या आजोबांनाही चाखायला दिली. आजोबांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

निघताना ओटी. पहिल्याच घरी अडलं, कारण पदर कुठून आणायचा? वहिनींनी त्या बाईला एप्रन बांधायला लावला आणि त्याच्या खोळीत तांदूळ, खोबरं, खण घातला. ती बाई हरखून गेली. त्यानंतर घरोघरी तेच झालं. मी फोटो काढत राहिले आणि एकाही फोटोत नव्हते.

शेवटच्या गावात घरं लहान, म्हणून आम्हा दोघींना वेगवेगळं ठेवलं. मी राहिले एका निवृत्त नर्सबाईंकडे. नवरा कधीच गेलेला, बाई एकटीच सायकलवर गावभर फिरायची. निघायच्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर ती केस नीट विंचरून, इस्त्रीचा एप्रन बांधून उभी. ओटीची बातमी मैत्रिणींकडून तिच्यापर्यंत पोचली होती.

सामान माझ्याच बॅगेत होतं. मी म्हणाले, माझी मैत्रीण गाडी घेऊन येतेय, ती भरेल. तिनं विचारलं, तू का नाही? मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगितलं की आमच्यात हे नवरा असलेल्या बाईनं करायचं. ती शांतपणे म्हणाली, म्हणजे मलाही चालणार नाही. आणि एप्रनची गाठ सोडायला तिनं हात मागे नेले.

ते मला बघवेना. मी तिचे हात धरले, बॅग उघडली, तिला कुंकू लावलं आणि ओंजळीनं तिची ओटी भरली. तिनं एप्रनकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, आता तू. माझा पदर पुढे ओढून तिनं आपल्यातलं निम्मं त्यात ओतलं, आणि मी केलं तसंच कुंकवात बोट बुडवून माझ्या कपाळाला लावलं. मी ढसाढसा रडले. तीही रडली.

बाहेर हॉर्न वाजला. कपाळ पुसायला माझा हात वर गेला, आणि मलाच माझा राग आला. मी हात खाली घेतला.

वहिनी आत आल्या. माझा भरलेला पदर बघितला, कपाळ बघितलं. मी भांडायच्या तयारीनं उभी होते.

"वाकडं लागलंय," त्या म्हणाल्या. "हलू नका."

आपल्या पदराच्या टोकानं त्यांनी कड पुसली, अंगठ्यानं कुंकू नीट केलं, एक पाऊल मागे जाऊन बघितलं आणि माझी बॅग उचलून बाहेर गेल्या. गाडीत बसल्यावर मी समोरच्या आरशात बघितलं. कुंकू अगदी मधोमध होतं.