खाली जागा नव्हती

कोणी वाचलंच तर अक्षराला आणि चुकांना हसू नये. आज मेथीच्या लाडवांचा वास आला आणि ते विमान आठवलं. मुंबईला लेक बाळंतपणात अडली होती. "आई, लवकर ये," म्हणून फोनवर रडत होती. आमचं गाव दोन्हींच्या मधे; अकोल्याहून रेल्वेत रात्र जाते, अमरावतीहून विमान दोन तासांत पोचवतं, म्हणून फुलं विकणाऱ्या जावेनं तिकिटाला उसने पैसे दिले. मुंबई आली, पण विमान वरच घिरट्या घालत राहिलं. कमरेला पट्टा, मांडीवर लेकीसाठी केलेल्या लाडवांचा डबा. शेजारचा म्हणाला, "मावशी, खाली उतराले जागा नाही." मी कोणाशी बोलत नाही, पण तोंडातून निघालंच, "मंग मले फाट्यावर उतरवून द्या न, मी पायी जाईन!" सगळे हसले. दवाखान्यात पोचले तेव्हा लेक सुखरूप सुटली होती, नात रडून झोपलीही होती. नात आता चालते, आणि जावेचे पैसे काल सगळे फिटले.