दही-साखरेचा हात

मुलीने पूल खेळणारा मुलगा पसंत केलाय हे फोनवर ऐकलं तेव्हा मी विचारलं, "अगं, पण काम काय करतो?" ती म्हणाली, "आई, तेच काम करतो." मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज जरा कमी केला, "बरं" म्हणाले आणि परत वाढवला. झालं, सगळी काळजी माझ्या गळ्यात!

आमच्या डोळ्यांपुढे पूल म्हणजे कॉलेजमागच्या गल्लीतलं धुराने भरलेलं, बिलियर्ड्ससारख्या टेबलांचं पार्लर. तिथे पडीक असणाऱ्या मुलांच्या आया माझ्या आईकडे येऊन रडायच्या. इथे अमेरिकेत येऊन कॅरीतल्या औषध कंपनीत इतकी वर्षं मान मोडून नोकरी केली ती काय हाच जावई बघायला? तो चिनी आहे याचं मला काही वाटलं नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं. पुलाचं मात्र फार वाटलं.

मुलगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी सवयीने म्हणाले, "आधी हात धू." बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच म्हणते, मग तो पाहुणा का असेना. मुलीने त्याला अर्थ सांगितला. पुढच्या खेपेला त्याने दारात बूट काढले, स्वतःशीच "हात धू" म्हणाला आणि सरळ बेसिनकडे गेला. त्याचं सगळं मराठी एवढंच, शिवाय एक "काकू". मला हसू आलं होतं, पण मी दाखवलं नाही. जेवताना बघितलं, चमचा डाव्या हातात. डावखुरा.

मग दिवाळीत मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. चकल्यांचा डबा पुढे केला आणि विचारलं, हे असं किती वर्षं चालणार? त्याने चकली खाली ठेवली. म्हणाला, "काकू, वसंतात एक मोठी स्पर्धा आहे. तिथे पहिलीच मॅच हरलो तर खेळणं बंद. मित्राच्या ऑफिसात अकाउंट्सची नोकरी तयार आहे, ती धरतो." मी म्हणाले, "नक्की?" तो म्हणाला, "नक्की." इंग्रजीतच झालं हे सगळं, पण शब्द तो शब्द.

म्हणजे त्या मॅचला मी गेले ती तो हरावा म्हणूनच गेले. देवापुढे दिवा लावताना तसं स्पष्ट मागितलंसुद्धा.

स्पर्धा कॅरीहून सहा-एक तासांवर, अल्फारेटाजवळच्या एका हॉटेलात होती. मुलगी आणि तो जर्सी सिटीहून विमानाने आले. मी गाडी काढली. हे म्हणाले, "मला नको ओढू त्यात." निघताना आइस पॅकच्या पिशवीत मी दही-साखरेची डबी ठेवलीच. परीक्षेला, इंटरव्ह्यूला, व्हिसाच्या स्टँपिंगला आमच्या घरातून कोणी दही-साखरेशिवाय बाहेर पडलेलं नाही. माणूस हरावा असं वाटणं वेगळं आणि त्याला कोरड्या तोंडाने पाठवणं वेगळं. ते माझ्याच्याने होणार नाही.

हॉलच्या दाराशी तो क्यूची पेटी घेऊन उभा होता. क्यू म्हणजे ती लांब काठी. मी डबी उघडली तर त्याने डावा हात पुढे केला. "डावा नाही रे, उजवा!" मी त्याचा उजवा हात ओढून तळव्यावर चांगलं भरपूर दही ठेवलं. त्याने ते चाटून घेतलं. इतक्यात आतून त्याचं नाव पुकारलं. कागदी रुमालाने हात पुसत तो पळाला.

मुलीने मला खेळ समजावून दिला. टेबल मोठं, त्याच्या पॉकेटांची तोंडं अरुंद. एकाचे सात बॉल अख्ख्या रंगाचे, दुसऱ्याचे सात पट्ट्यांचे. आपले सात पॉकेटात घालायचे आणि मग काळा, आठ नंबरचा. तो ज्याने घातला त्याचा डाव. असे नऊ डाव आधी जिंकेल तो पुढे जाणार. "म्हणजे कॅरमच की," मी म्हणाले. "आई, प्लीज," ती म्हणाली.

कॅरम मी लग्नाआधी बरं खेळायचे, त्यामुळे नजर हातावर जाते. समोरचा खेळाडू वयाने मोठा, शांत. त्याचा हात लोण्यासारखा चालत होता. आमचा मुलगा टेबलावर उजवा पंजा टेकवायचा, अंगठ्याच्या बेचक्यात काठी ठेवायचा, डाव्या हाताने मागेपुढे करायचा, आणि ऐन वेळी काठी जरा अडायची. पावडर न टाकलेल्या बोर्डावर स्ट्रायकर अडतो ना, तशी. सोपे बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन परत येत होते. प्रत्येक वेळी तो आपल्या तळव्याकडे बघायचा, टॉवेलने कोरडाच पुसायचा आणि पुन्हा वाकायचा.

दही-साखर! उजवा हात मीच ओढून घेतला होता, आणि डावखुऱ्याची काठी सरकते उजव्याच हातावरून. चार डाव गेले तरी त्याचा एकच.

मी मुलीच्या कानात म्हणाले, "अगं, त्याच्या खुर्चीशेजारी पाण्याची बाटली आहे. हात ओला करून का पुसत नाही हा?" तिने ओठ चावला. "आई, मीच त्याला विमानात सांगितलं. आई हातावर काही देईल, तो तिचा आशीर्वाद असतो, धुवायचा नाही. आय वॉज जोकिंग! त्याला खरं वाटलंय बहुतेक."

कपाळ माझं! म्हणजे हा पोरगा चिकट हाताने हरत होता, तेही माझा मान राखायला. आणि मला जे हवं होतं तेच तर चाललं होतं. मी गप्प बसले असते तर सोमवारी तो अकाउंट्सच्या ऑफिसात असता. कुणी मला दोषसुद्धा दिला नसता. मी जरा वेळ बसले खरी. पण असं हरणं मला नको होतं. मला ते सहनच होईना.

डाव संपला. पांढरे हातमोजे घातलेला पंच बॉल परत मांडायला लागला. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि मी उभी राहून ओरडले, "अरे, हात धू!"

सगळ्या माना वळल्या. मुलीने मला साडीच्या पदराला धरून खाली खेचलं. पंचाने ओठांवर बोट ठेवलं, आणि एक माणूस येऊन परत आवाज केलात तर बाहेर काढू असं हळू आवाजात सांगून गेला. मी हात जोडले. आमच्या मुलाने मात्र माझ्याकडे बघितलं, मग तळव्याकडे. पंचाशी काहीतरी बोलला आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा बाह्या कोपरापर्यंत वर होत्या.

त्यानंतर तो जे खेळला ना! काठी आता कुठे अडेना. बॉल पॉकेटात जाताना एक बसका आवाज येतो, तो मला आवडायला लागला. त्याने एकेक डाव भरून काढला. मी देवाला मनातल्या मनात म्हटलं, सकाळचं मागणं कॅन्सल कर बाबा. आठ-आठ बरोबरी झाली.

शेवटचा डाव फोडायची पाळी समोरच्याची होती. त्याने बॉल फोडले आणि तो थांबलाच नाही. एक गेला, दुसरा गेला. आमचा मुलगा खुर्चीत, गुडघ्यांमध्ये काठी उभी धरून. या खेळात तुमचं सगळं पणाला लागलेलं असतं आणि तुम्ही हलायचंही नाही, दुसरा चुकतो का ते बघत बसायचं. ग्रीन कार्डची वाट बघण्याच्या वर्षांत हे असेच बसायचे सोफ्यावर, हातात रिमोट, टीव्ही बंद. तेव्हा मी ह्यांना कधी म्हणाले नव्हते की तुम्ही काही काम करत नाही. या मुलाला मात्र म्हणाले होते, स्वतःच्या स्वयंपाकघरात, चकली हातात देऊन. काळा बॉल गेला. आमचा मुलगा उठला, समोरच्याचा हात हातात घेतला, जरा वाकला. हात न लावताच शेवटचा डाव हरला होता.

बाहेर येऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. मुलीचे डोळे भरले होते, त्याचे कोरडे. म्हणाला, "काकू, मी हरलो. सोमवारी मित्राला फोन करतो."

मला रडू आवरेना, आणि रडू आलं की मी रागावते. "काही फोनबिन करायचा नाही," मी मराठीतच सुरू झाले. "अर्धी मॅच माझ्या दह्याने हरवली तुला. ती काय मॅच झाली? तो शब्द मी घेतला होता, मीच परत देते. पुढची स्पर्धा कुठे आहे ते सांग, मी गाडी काढते." मुलीने त्याला हे सगळं इंग्रजीत सांगितलं.

मग माझ्या हातातल्या डबीकडे त्याचं लक्ष गेलं. अर्धं दही उरलं होतं. मी पिशवीतून चमचा काढून पुढे केला. चमचा घेण्याआधी त्याने दोन्ही तळवे माझ्यासमोर उघडे धरले आणि विचारलं, "हात धू?"