दाजींच्या मालकीचं कार्यालय

परवानगीशिवाय पानसुद्धा हलू नये असं मनापासून वाटणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीला मिळाला. आमचे दाजी. घरातल्या गुळाच्या डब्यावर त्यांची चिठ्ठी असे: 'उघडणे : फक्त मी. बघणे : सर्व.' अक्का म्हणायची, "बघू देतेत, हेच लय झालं." बोरीला सोयऱ्यांच्या लग्नात त्यांनी भर पंगतीत वाढप्याला थांबवून विचारलं होतं, "वरणात पाणी कोणाला इचारून घातलं?"

दाजी जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात होते. असल्या माणसाच्या ताब्यात त्या कार्यालयाने कॉम्प्युटर दिला. मी त्याच कार्यालयात बदल्यांच्या याद्या करायची, म्हणून हे भोगलं. आमचा हा मोठा कॉम्प्युटर प्रत्येक फाइलचा मालक कोण, ती कोणी वाचायची, कोणी बदलायची, हे लिहून ठेवी. तालुक्याच्या छोट्या कॉम्प्युटरला ही रीतच ठाऊक नव्हती. फाइल फ्लॉपीवर तिकडे गेली की मालकाचं नाव गळून पडे, आणि परत आली की जो ती मोठ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेईल त्याची होई. उतरवून घ्यायचे दाजीच. दोन वर्षांत सगळं कार्यालय त्यांच्या नावावर झालं. आम्ही काही उघडायला गेलो की पडद्यावर यायचं, परवानगी नाही. मग दाजींकडे लेखी अर्ज. एका फाइलला एक अर्ज, दिवसाला दोनच अर्ज. मोठे साहेबसुद्धा अर्ज लिहीत.

एकदा पाथरीहून दुरुस्त याद्यांची फ्लॉपी आली, चाळीस फाइली. पाचला त्या सगळ्यांची मिळून एक यादी सहीला जायची होती. नामांतराच्या मोर्चामुळे एसटी बंद, तरी पाथरीच्या एक शिक्षिका जीपने येऊन दुपारपासून बाकावर बसल्या होत्या. त्यांचे यजमान परभणीत अंथरुणाला खिळलेले, आणि परभणीला बदलीसाठी बाईंचं नाव फक्त दुरुस्त यादीत. त्या फाइली उघडल्या नाहीत तर जुनीच यादी छापून जाणार.

"दाजी, उघडा सगळ्या."

"मेव्हणीबाई, नात्यागोत्यानं परवानगी मिळत न्हाई. अर्ज आणा."

"चाळीस अर्ज? दिवसाला दोन? त्या बाई वीस दिवस बाकावर बसतील काय?"

बाई उठून आल्या. म्हणाल्या, "साहेब, आमच्या ह्यांना पाणी पाजायला शेजारीण येते. पाचनंतर तिलाबी जमत न्हाई."

दाजींनी कळफलक पुढे ओढला. मग एक ओळ टाइप केली, आणि कार्यालयातली एकूण एक फाइल सगळ्यांना मोकळी झाली. वाचायला, बदलायला, सगळ्याला. इतकं सोपं होतं ते, आणि या गृहस्थाने दोन वर्षं आम्हाला अर्ज लिहायला लावले होते! मी तोंडावर सुनावलं. पावणेपाचला यादी छापून निघाली, बाईंच्या नावासकट.

दुसऱ्या दिवसापासून दाजींच्या टेबलाशी कोणी फिरकेना. कामच उरलं नव्हतं. ते वेळेवर येत, कळफलक पुसत आणि दाराकडे बघत बसत. आठवडाभर मी ते पाहिलं. मग एका दुपारी मीच जाऊन म्हणाले, "दाजी, जिंतूरची फाइल उघडंना झालीय."

त्यांनी पाहिलं. फाइल उघडीच होती. चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि चांगली दहा मिनिटं त्या फाइलवर घालवली.