साठ पोरांची एकच आजी

"हे कोणी लिहायला सांगितलं हिला? कोणी?"

विभागप्रमुख मॅडम अशा ओरडल्या, की कोराडीच्या वीजकेंद्राकडे निघालेल्या कोळशाच्या ट्रकांनी ब्रेक दाबले असतील. हातात एका मुलीची फाइल. मुलगी वर्गात उभी, मान खाली. मी दाराशी. तासिकेवरचा मास्तर.

आमच्या कॉलेजात लेखनकौशल्याच्या फाइलीत 'माझे आजोळ' हा निबंध असतो. लिहिलेला मॅडमनी. मास्तरानं तो फळ्यावर उतरवायचा, पोरांनी फाइलीत. झोपाळा, समई, केळीच्या पानावरची पुरणपोळी, तुळशीला पाणी घालणारी आजी. दर वर्षी साठ पोरं, आजी एकच. तिची नातवंडं आता कस्तुरचंद पार्काच्या मैदानातही मावायची नाहीत.

या मुलीनं स्वतःचं आजोळ लिहिलं. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याकाठची टिनाची खोली. भाकर वाढली की आधी फुंकायची, मग खायची.

"असं आजोळ असतं का? फाइली बाहेरचे परीक्षक बघतात. सर, तुम्ही सांगितलं होतं?"

सांगितलं होतं. मीच. आदल्याच आठवड्यात चर्चासत्रात टेबल फुटेस्तोवर गरजलो होतो, 'विद्यार्थ्याचा अनुभव हीच खरी संहिता!' शाल मिळाली, नारळ मिळाला. नारळ अजून फोडलाही नव्हता.

"नाही मॅडम. मी तर फळ्यावर लिहून दिलं होतं."

मुलीनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. बस.

याच कॉलेजात मीही ती आजी उतरवली होती. मॅडम तेव्हा नव्या, निबंधही नवा. माझी आजी कुहीची, दुसऱ्याच्या बांधीत धान रोवणारी. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन परतली आणि घरातले देव नदीत सोडून आली. घरचे सांगतात टोपलीभर, मी सांगतो बैलबंडीभर. त्या बाईला मी दहापैकी नऊ मार्कांसाठी तुळशीपुढे हात जोडून उभं केलं. वर घरी जाऊन तिलाच वाचून दाखवलं.

"हे कोनाची बुढी होय गा, बाबू?" ती म्हणाली.

मुलीच्या फाइलीवरून ओरडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी भर वर्गात, मॅडमसमोर बोललो. "मीच सांगितलं होतं. काल खोटं बोललो. तो निबंध आता मी फळ्यावर लिहिणार नाही."

"जूनमध्ये बघू," मॅडम म्हणाल्या. तासिका जूनमध्येच वाटतात.

बघा म्हणावं. तासिका राहो की जावो, ती आजी माझ्या खडूतून उतरणार नाही.

मुलीकडे वळलो. "तुझी फाइल आहे तशीच दे."

"ते पानं फाडले, सर," ती म्हणाली. "काल मॅडमचीच आजी उतरवून देली."