न चाखता शिजवलेलं मटण

वाल्मीक बोरस्ते मटणाला उभा राहिला की वासावरच अर्धी भाकरी संपावी, असा त्याचा हात. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं गाड्या काढून गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यात येतात, तिथल्या वायनरीत बसतात आणि त्याने केलेलं रेड वाईनमधलं मटण बोटं चाटून खातात. आणि ज्याने ते शिजवलं, त्याने आजवर त्याचा एक थेंबही जिभेला लावलेला नाही. आचाऱ्याने चाखायचं नाही म्हणजे न्हाव्याने डोळे बांधून दाढी करण्यातला प्रकार. पण त्यामागे कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव सरिता.

सरिता म्हणजे त्याची बायको, नांदगावची. वाल्मीक पूर्वी सातपूरला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होता आणि प्यायचा. प्यायचा म्हणजे किती, तर गल्लीतल्या कुत्र्यांना त्याच्या येण्याची वेळ पाठ होती. बाई वैतागून एकदा माहेरी गेली. ह्याने आईची, पोरीची, सापडतील त्या सगळ्या देवांची शपथ घेऊन तिला परत आणलं आणि पंधरवड्यात शपथा धुऊन प्याला. ती पुन्हा गेली. या खेपेला मात्र गडी आधी त्र्यंबकला गेला, कुशावर्त कुंडात उतरून हातात पाणी घेतलं, दारूच्या नावाने सोडलं, आणि मग नांदगावला जाऊन सासऱ्याच्या ओट्यावर मान खाली घालून बसला. सरिता बाहेर आली ती पिशवी घेऊनच.

"शपथा मला सांगू नका, लय ऐकल्या," ती म्हणाली. "येते मी. पण तिसऱ्यांदा ही पिशवी उचलली, तर न्यायला येऊ नका. मी यायची नाय."

आणि काय सांगावं, माणूस खरंच सुटला. सुरुवातीला रोज संध्याकाळी ती दारात उभी राहून त्याच्या तोंडाचा वास घ्यायची, आणि हा शाळेतल्या पोरासारखा तोंड पुढे करायचा. पुढे वर्षं गेली, मुलीचं लग्न झालं, तशी ती वास घ्यायची हळूहळू थांबली. घर कसं शांत झालं. त्या शांततेची किंमत दोघांनाही ठाऊक होती, म्हणून दोघंही तिच्याबद्दल कधी बोलत नसत.

मग कँटीनचा ठेका दुसऱ्याला गेला. वाल्मीक काही महिने घरी बसला, आणि मग कुणाच्या तरी ओळखीने हे वायनरीतलं काम लागलं. सरिताला त्याने सांगितलं, "धरणाकडं हॉटेल हाय. मटण-चिकन करायचं." यात खोटं अक्षर नव्हतं. फक्त ते मटण कशात शिजतं, तेवढं त्याने गिळलं. दारूच्या नावाने ज्या घरात एकेकाळी भांडी फुटली, तिथे हे कसं सांगायचं बापड्याने?

वायनरीच्या स्वयंपाकघराची मुख्य होती स्नेहल, नाशिकरोडची, केटरिंग शिकलेली, वयाने त्याच्या मुलीएवढी पण जिभेची तिखट. पहिल्याच दिवशी तिने करून दाखवलं. मटण लोण्यावर लाल परतलं, त्यात कांदा, गाजर, लसूण, काळी मिरी, तमालपत्र. मग अख्खी बाटली त्यावर ओतली आणि हाडं उकळून काढलेलं पाणी घालून मंद आचेवर ठेवलं. वाईनला उकळी आली तसा तो वास वाल्मीकच्या नाकातून थेट मेंदूत गेला. स्नेहलने चमचा पुढे केला.

"मी चाखत नाय, मॅडम," तो म्हणाला.

"आचारी आणि चाखत नाही?"

"आमच्यात नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत. आई सगळं ताट वासावर करायची. मी तिच्याच हाताखाली शिकलो."

मटणाला नैवेद्याचा नियम. पण तो निम्मा खराही होता. आईच्या चुलीशी बसून त्याने नजरेने मीठ घालायला शिकून घेतलं होतं, आणि कँटीनमध्येही शंभर माणसांची आमटी त्याने कधी चाखली नव्हती, कधी चुकलीही नव्हती. इथे मात्र तो तोंडावर आपटला. नैवेद्याच्या आमटीला आई सुरुवातीलाच पातेलं बघून मीठ टाकायची. याने तसंच पातेलंभर रश्शाचं मीठ आधी टाकलं. आता आमटी काही आटवून चतकोर करत नाहीत. वाईनचा रस्सा करतात. तो आटत आटत मटणाला चिकटणारा चकचकीत लेप झाला, पाणी उडून गेलं आणि मीठ जागच्या जागी राहिलं. पाहुण्यांनी एकेक घास खाल्ला आणि पाण्याचे जगच्या जग रिकामे केले.

स्नेहल जी तडकली, विचारू नका. तिचं बोलणं संपल्यावर वाल्मीक तिला मागच्या नळापाशी घेऊन गेला आणि सगळं खरं सांगून टाकलं. पिणं, नांदगाव, कुशावर्त, पिशवी. "थेंब जिभेवर गेला तर मी थेंबावर थांबंल का नाय, मला माहीत नाय," तो म्हणाला. "म्हणून जाऊच देत नाय."

पोरगी तिखट, पण मनाची चांगली. ती म्हणाली, "ठीक आहे काका. शिजवा तुम्ही, चाखते मी. आणि मीठ शेवटी."

तेव्हापासून तसंच चाललं. वाल्मीकने बाकी सगळं नाकाडोळ्यांनी शिकून घेतलं. आधी वाईनचा वास नाकात टोचतो, मग तो टोचरेपणा जातो आणि पिकल्या जांभळाचा वास सुटतो. बारीक बुडबुडे मोठे आणि आळशी होतात. चमच्याच्या पाठीवर रस्सा धरला आणि बोटाने रेघ ओढली, ती रेघ मिटली नाही, की उतरवायचं. कोंबडीच्या तंगड्यांना तो वाईन आणि गूळ आटवून असा लेप द्यायचा की त्यात तोंड दिसावं. शेवटी स्नेहल चमचा तोंडात घालायची, मीठ सांगायची, आणि ताटं बाहेर जायची.

घरी जाण्याआधी तो मागच्या न्हाणीत साबण लावून आंघोळ करायचा, कपडे बदलायचा. आणि इथेच शहाण्याचं गणित चुकलं. पूर्वी प्यायला की वास लपवायला तो वेलदोडे चघळत यायचा, आता साबणाच्या वासाचा येऊ लागला. सरिता काही दूधखुळी नव्हती. "कामावरनं माणूस घामाचा येतो," ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आमचा साबणाचा येतो." वाल्मीक हसला. ती हसली नाही. त्या दिवसापासून ती पुन्हा दारात उभी राहू लागली. दुधाने पोळलेली बाई, ताक फुंकणारच.

त्या थंडीत एका शनिवारी व्हायचं ते झालं. फळीवरून बाटल्यांचं खोकं काढताना खोक्याचा तळ फाटला आणि वाईन वाल्मीकच्या डोक्यावरून पायापर्यंत उतरली. खाली त्याची कपड्यांची पिशवी होती, तीही भिजली. कितीही पाणी ओतलं तरी वास हटेना. तसाच तो सातपूरला आला. गल्लीच्या तोंडाशी आपल्या ओट्यावर शेजारच्या बायडाबाई बसल्या होत्या. याच ओट्यावर एकेकाळी वाल्मीक पहाटे झोपलेला सापडायचा, त्यामुळे बोलायचा त्यांना हक्कच होता. त्यांनी नाकाला पदर लावला आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "झालं. सुरू झालं परत."

सरिता दारात होती. तोंड पुढे करायला तिने सांगितलंच नाही. त्याला वाढलं, त्याने खाल्लं नाही, आणि तिने कपाटावरची पिशवी खाली काढली.

"सरिता, मी प्यायलो नाय. अंगावर सांडली."

"हे वाक्य मला पाठ हाय," ती म्हणाली. आवाजही चढला नाही तिचा. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं, इतकं ते शांत होतं.

वाल्मीककडे शपथ उरली नव्हती. सगळ्या त्यानेच खर्चून टाकल्या होत्या. सकाळी ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जा. अडवत नाय. पण आधी माझ्यासंग कामावर ये, मी काय करतो ते बघ. मग मीच तुला नांदगावच्या गाडीत बसवून देतो." तिने पिशवी न ठेवताच चपला घातल्या.

स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर ती बसली, पिशवी मांडीवर घेऊन. तिने पाहिलं ते असं. नवऱ्याने बाटली उघडली, पातेल्यात ओतली. दुसरी उघडली, ओतली. दारूचा एवढा मोठा ढग उठला की तिने नाकाला पदर लावला, आणि नवरा त्या ढगात नाक घालून उभा होता, ओठ घट्ट मिटून. ताडाच्या झाडाखाली बसून ताक प्यालं तरी लोक ताडीच म्हणतात हे खरं, पण हा तर झाडाखाली बसून ताकही पीत नव्हता.

रविवारची गर्दी, बाहेर मोठी पंगत ताटकळलेली. रस्सा आटला. स्नेहल चमचा घेऊन आली, तोंडात घातला आणि रुमालात शिंकली. आठवडाभर तिला सर्दी होती, आज तर नाक पुरतं बंद.

"काका, मला काहीच कळत नाही. वाईन नव्या लॉटची आहे, जास्त आंबट असणार. आज तुम्हीच बघा. उकळून उकळून तिच्यात राहिलंय काय? एक थेंब."

वाल्मीकने चमचा घेतला. तोंडापर्यंत नेला. सरिता बघत होती. चमचा ओठांपाशी अडला आणि झटक्यात मागे आला. रस्सा त्याच्या बोटांवर सांडला, चटका बसला असेल, पण त्याने बोटं चाटली नाहीत, फडक्याला पुसली.

"नाय जमणार, मॅडम," तो म्हणाला. "पंगत उठून गेली तरी चालंल."

सरिताला तेव्हा काय वाटलं ते सांगायला शब्द नाहीत, पण सांगतो. ज्या तोंडाचा वास ती इतकी वर्षं घेत होती, ते तोंड रोज इथे एकटं लढत होतं आणि घरी येऊन गप्प बसत होतं. तिला त्याचा राग आला, दया आली, आणि मायाही आली, सगळं एकदमच. तिने पिशवी स्टुलावर ठेवली, नळावर हात धुतले आणि तीर्थ घेतात तसा तळवा पुढे केला.

"इकडं द्या."

"अगं, दारू हाय त्यात."

"दिसतंय मला. द्या."

जन्मात दारूच्या बाटलीला बोट न लावलेल्या बाईने तो रस्सा जिभेवर घेतला, डोळे मिटले, चेहरा वाकडा केला आणि गिळला. "आंबट हाय. गूळ घाला जरा. आणि मीठ नायच यात." त्याने गूळ घातला, मीठ घातलं. तिने पुन्हा तळवा धरला. तिसऱ्या वेळी म्हणाली, "आता पाठवा." स्नेहल ताटं लावायला धावली.

वाल्मीक पातेल्याकडे तोंड करून उभा राहिला. सरिता हळूच म्हणाली, "हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

ती विचार करून खरं ते बोलली. "नसतं ऐकलं."

नांदगावच्या गाडीचं नाव मग कुणी काढलं नाही. दिवसभर ती पातेल्यामागून पातेलं चाखत राहिली, आणि संध्याकाळी दोघं सिटी बसने सातपूरला उतरली. पिशवी वाल्मीकच्या हातात होती, आणि आज त्याने आंघोळही केली नव्हती, कपडेही बदलले नव्हते. ओट्यावर बायडाबाई, शेजारी आणखी दोघी बसल्या होत्या. वास पोचला, पदर नाकाला गेला.

"काय वाल्मीक," बायडाबाई म्हणाल्या, "आज पण का?"

वाल्मीकने सवयीने मान खाली घातली. सरिता थांबली. सगळ्या गल्लीत ज्या एका बाईच्या अब्रूबद्दल कुणी शंका काढली नसती, ती बाई ओट्याजवळ गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "त्यांना काय विचारता? त्यांनी थेंब घेतला नाय. मी घेतलीय आज, वास माझ्या तोंडाचा येतोय."