आईची पाण्याची बाटली

मंडळी, कालच मी इथे लिहिलं होतं, "दिवसभर पाणी प्या, त्वचा आपोआप तजेलदार होईल." आज तेच वाक्य मला टोचतंय.

माझी आई मालवणजवळच्या आमच्या गावी बाजारात मासे विकते. तिचे ओठ फुटलेत, हातांची कातडी खरखरीत झालीय. म्हणून आठवड्यापूर्वी मी तिला मोठी बाटली घेऊन दिली. रोज बाटली रिकामी घरी यायची. घरातली पहिली पदवीधर मी. आईला चांगली सवय लावली म्हणून खूश होते.

आज दुपारी डबा द्यायला बाजारात गेले, तर आई बाटलीतलं पाणी टोपलीतल्या बांगड्यांवर शिंपडत होती.

"आये, ह्या पाणी तुका पिऊक दिलंय मां?"

"बांगडे सुके दिसले तर गिराईक थांबाचा नाय गो."

शेजारची मासेवाली मावशी हसली, "बघ गो चेडवा, बांगड्यांची कातडी कशी चकाकता!"

मीही हसले. मग आई हळूच म्हणाली, "पाणी पियालंय तर जातलंय खंय? हय बायकांका संडास खंय आसा?"

पहाटेपासून दुपारपर्यंत, इतकी वर्षं ती अशीच बसलीय. मी फक्त उपदेश केला.

"ग्रामपंचायतीत अर्ज देऊया," मी म्हटलं.

"तो आमी मागेच दिललो."

मी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी उतरायला वेळ लागला; अंगात पाणी कमी असलं की असंच होतं.

अर्ज मी पुन्हा देणारच आहे. पण तुम्ही सांगा, तुमच्या बाजारातल्या बायका दिवसभर पाणी पितात का? कधी विचारलंय?